उपाशी राहून जगलेली मुले

त्या मुलाच्या लघवीत साखर कुठून येते, हे कुणालाच कळेना. मुलगा १२ वर्षांचा. मधुमेहाने त्याची दृष्टी गेली होती आणि अंगात उठून हिंडण्याइतकेही त्राण उरले नव्हते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या रुग्णालयात त्याला मिळणारा प्रत्येक घास तोलून दिला जात होता. तेवढ्याशा अन्नातून साखर येणे शक्य नव्हते, तरी ती येत राहिली. पुष्कळ दिवस त्याने काहीच कबूल केले नाही. अखेर उलगडा झाला. सोबतीसाठी त्याने एक कॅनरी पक्षी मागून घेतला होता. त्या पक्ष्याच्या पिंजऱ्यातले दाणे तो चाचपडत काढून खात होता. दात घासायची पेस्टही खात होता.

ही हकिगत डॉ. फ्रेडरिक मॅडिसन ॲलन यांनी आपल्या १९१९ च्या ग्रंथात स्वतःच नोंदवून ठेवली आहे. मुलगा वाचला नाही. वाचणाऱ्याला पहिल्यांदा राग येतो तो डॉक्टरांचाच. आंधळ्या, मरणाच्या दारात असलेल्या लेकराला पोटभर खाऊ घालायचे सोडून त्याच्या लघवीतली साखर मोजत बसणारा हा कसला वैद्य? पण १९१४ ते १९२२ या आठ वर्षांत मधुमेही मूल घेऊन आलेल्या आईबापांना जगातला कुठलाही डॉक्टर याहून चांगले काही देऊ शकत नव्हता. मुलाला खाऊ दिले तर ते काही महिन्यांत जाणार. उपाशी ठेवले तर वर्ष, दोन वर्षे, क्वचित तीन वर्षे राहणार, पण हाडांचा सापळा होऊन. आईबापांपुढे हे दोनच रस्ते होते. त्यातला दुसरा ज्यांनी धरला, त्यांच्यातल्या थोड्यांना पुढे इन्सुलिन मिळाले. त्यांतली काही माणसे ७० वर्षांची होईपर्यंत जगली. म्हणूनच ॲलन यांच्या उपासाचा इतिहास नीट सांगायला हवा. आज पथ्य की औषध असा वाद घरोघर चालतो, त्याची खरी किंमत त्या आठ वर्षांत मोजली गेली.

खाण्यावर बंधन घालण्याची कल्पना ॲलन यांच्या फार आधीची. १७७६ मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी रुग्णाची लघवी आटवली आणि खाली उरलेला पदार्थ साखर असल्याचे दाखवले. साखर बाहेर पडते, तर ती आत कशातून जाते, हा प्रश्न त्यानंतर ओघानेच आला. १७९७ मध्ये ब्रिटिश तोफखान्याचे शल्यवैद्य जॉन रोलो यांनी कॅप्टन मेरेडिथ नावाच्या रुग्णाची हकिगत छापली. शंभर किलोंच्या वर वजनाचे हे कॅप्टन. रोलो यांनी त्यांना धान्य आणि भाज्या जवळपास बंद केल्या आणि दूध, रक्ताचे पुडिंग, जुने चरबीदार मांस यांवर ठेवले. कॅप्टन बारीक झाले, लघवीतली साखर गेली, तब्येत सुधारली. हे वाचून युरोपभर रुग्णांना मांसाहाराचे पथ्य सुरू झाले. कुणाला गुण आला, कुणाला नाही, आणि का नाही ते सांगता येत नव्हते.

पुढचा धडा वेढ्याने शिकवला. १८७० च्या सप्टेंबरात प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला आणि शहरात अन्नाचा तुटवडा पडला. अपोलिनेर बुशार्दा या डॉक्टरांच्या लक्षात आले, की शहर उपाशी असताना आपल्या मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर मात्र कमी होते आहे, काहींची तर नाहीशीच झाली आहे. त्यांनी सल्ला दिला : शक्य तितके कमी खा आणि अंगमेहनत करा. पिठातला स्टार्च धुऊन काढून उरलेल्या ग्लूटेनचा पाव रुग्णांसाठी करवून घेणारेही तेच.

इथे आपल्याकडच्या एका जुन्या नोंदीकडे वळायला हवे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक जन्मजात, दुसरा अपथ्याने झालेला. पहिल्याचा रोगी बहुधा कृश, दुसऱ्याचा स्थूल. उपचारही वेगळे : कृशाला पोषण द्यावे, स्थूलाला झिजवावे. या स्थूल रोग्यासाठी व्यायाम आणि लांब पायपीट सांगितली आहे. त्यापुढे जाऊन कृश रोग्याला वाचवण्याचे साधन त्या काळी कुणापाशीच नव्हते, हेही तितकेच खरे. पण पाहणी अचूक होती. बुशार्दा यांनाही बारीक आणि जाड रुग्णांतला फरक दिसला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र हा फरक बाजूला पडला आणि एकच रोग, एकच उपचार अशी समजूत रुजली. त्याचे मोल लहान मुलांनी दिले.

मोठ्या वयात आलेला मधुमेह पथ्याने कसा सांभाळला जाई, याचे मराठी वाचकाला माहीत असलेले उदाहरण लोकमान्य टिळकांचे आहे. १९०८ मध्ये शिक्षा झाली तेव्हा ते ५२ वर्षांचे होत आले होते आणि मधुमेह जडलेला होता. मंडालेच्या तुरुंगात त्यांनी भात आणि गव्हाची पोळी सोडली आणि सातूच्या पिठाच्या पुऱ्यांवर, दुधादह्यावर राहिले. सहा वर्षांचा बंदिवास त्यांनी या पथ्यावर काढला, त्यातच ‘गीतारहस्य’ लिहिले आणि १९१४ मध्ये परत येऊन पुन्हा राजकारणात उडी घेतली. त्यांच्या जागी एखादे १० वर्षांचे मूल असते, तर सातूच्या पुऱ्यांनी त्याला दोन वर्षेही तारले नसते. नाव एकच असले तरी हे दोन वेगळे रोग होते.

ॲलन यांचा जन्म १८७९ चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला. माणूस करडा, एककल्ली, हसण्या-बोलण्यात फारसा न रमणारा. हार्वर्डमध्ये तुटपुंज्या पैशांवर त्यांनी तीन वर्षे प्राण्यांवर प्रयोग केले आणि १९१३ मध्ये हजाराहून अधिक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. कुत्र्याचे स्वादुपिंड पूर्ण काढले की त्याला जीवघेणा मधुमेह होतो, हे स्ट्रासबर्गमध्ये ऑस्कर मिंकोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी १८८९ मध्येच दाखवले होते. ॲलन यांनी स्वादुपिंडाचा मोठा भाग काढून थोडासाच ठेवला. अशा कुत्र्यांना भरपूर खाऊ घातले, तर उरलेला तुकडाही लवकर निकामी होई आणि कुत्रा मरे. बेताने खाऊ घातले तर तो टिके. यावरून त्यांनी ताडले, की मधुमेहात अन्न पचवून वापरण्याची शरीराची ताकदच तोकडी पडलेली असते. त्या ताकदीवर झेपेल तेवढाच भार टाकायचा. साखर आणि पिठूळ पदार्थच तेवढे कमी करून भागत नाही. मांस, तूप, लोणी, सगळेच मोजायला हवे.

नवी गोष्ट होती ती हीच. त्याआधीचे डॉक्टर भात-पाव बंद करून रुग्णाला चरबीयुक्त पदार्थ भरपूर देत. साखर कमी होई, पण चरबी जळताना रक्तात आम्ल साचत जाई आणि रुग्ण खोल श्वास घेत घेत बेशुद्धीत जाई. मुले बहुधा याच बेशुद्धीत मरत. ॲलन यांनी चरबीलाही कात्री लावली आणि बेशुद्धीने होणारे मृत्यू मागे ढकलले.

१९१४ पासून रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये रुग्णांवर हे उपचार सुरू झाले. आधी निव्वळ उपास. पाणी, साधा चहा-कॉफी, पातळ सूप. लघवीतली साखर पूर्ण जाईपर्यंत उपास चालू. मग थोडी भाजी. पण भाजीतही पिष्ट असते, म्हणून ती तीनदा उकळून तिन्ही वेळा पाणी फेकून द्यायचे. उरे तो चोथा. पोट भरल्यासारखे वाटावे म्हणून धुतलेल्या कोंड्याची बिस्किटे. त्यानंतर अंडे, थोडे मांस, एकेक पदार्थ वाढवत जायचे, आणि ज्या दिवशी लघवीत साखर दिसेल त्या दिवशी थांबायचे. त्या रुग्णाची मर्यादा तीच. तिच्या जरा खाली आयुष्यभर राहायचे आणि आठवड्यातून एक दिवस पुन्हा उपास करायचा.

बॉस्टनचे इलियट जॉस्लिन ॲलन यांच्याशी सहमत होते. त्यांच्या स्वतःच्या आईला मधुमेह होता. १८९० च्या दशकापासून ते प्रत्येक रुग्णाची नोंद मोठ्या खातेवह्यांत करून ठेवत. त्या काळी दहाव्या वर्षी मधुमेह झालेले मूल सरासरी सव्वा वर्षाच्या आसपास जगे. उपासाच्या काळात हे आयुष्य दुपटीहून वाढले. आकडा ऐकायला लहान वाटतो. घरातल्या माणसांसाठी मात्र ती आणखी एक दिवाळी असते, आणखी एक पावसाळा. जॉस्लिन यांनी आणखी एक मोलाचे काम केले. रुग्णाला आणि घरच्यांना शिकवले पाहिजे, हे ओळखून १९१८ मध्ये त्यांनी रुग्णांसाठी पुस्तिका काढली. अन्न कसे तोलावे, लघवी कशी तपासावी, हे आईला, परिचारिकेला, खुद्द मुलाला शिकवण्याची रीत तिथून पक्की झाली. आजही साखर मोजण्याचे यंत्र घेऊन घरी बसलेला रुग्ण त्याच रीतीने शिकतो.

या उपचारांची दुसरी बाजू ॲलन आणि जॉस्लिन या दोघांनीही लपवली नाही. पुष्कळ रुग्ण मधुमेहाने न मरता उपासमारीने मेले. ज्या मुलाच्या शरीरात इन्सुलिन बनणे जवळपास थांबलेले असते, त्याची मर्यादा महिन्यागणिक खाली येत जाते आणि शेवटी शून्यापाशी पोचते. ती वर चढत नाही.

एलिझाबेथ ह्यूज या मुलीचे नाव या इतिहासात पुन्हा पुन्हा येते. तिचे वडील चार्ल्स इव्हान्स ह्यूज न्यूयॉर्कचे गव्हर्नर होते, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते, १९१६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक थोडक्यात हरले होते आणि १९२१ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले. १९१९ मध्ये एलिझाबेथला मधुमेह असल्याचे कळले तेव्हा ती ११ वर्षांची होती. वजन सुमारे ३४ किलो. ॲलन यांनी तिला पहिला आठवडा पूर्ण उपास घडवला आणि पुढचे कित्येक आठवडे दिवसाला ४०० ते ६०० कॅलरींवर ठेवले. वाढत्या वयाच्या मुलीला लागणाऱ्या अन्नाचा हा तिसरा-चौथा हिस्सा.

तिच्यासोबत ब्लँच बर्जेस नावाची परिचारिका कायम असे. तराजू तिच्या हाती. वाढदिवसाला केक आणता येत नसे, म्हणून टोपीच्या पुठ्ठ्याच्या डब्याला गुलाबी-पांढरा कागद लावून त्यावर मेणबत्त्या पेटवायच्या. उन्हाळ्यात घरची मंडळी सहलीला जात, मासे, मक्याची कणसे आणि कलिंगड खात, तेव्हा ती आपल्या छोट्या तव्यावर आपल्यापुरते ऑम्लेट करून घेई. या मुलीने पथ्य मोडले नाही असे नाही, पण फारच थोड्या वेळा मोडले. तिचा निग्रह मला त्या काळच्या कुठल्याही शोधाइतकाच मोठा वाटतो. १९२० मध्ये तिची थोरली बहीण हेलन क्षयाने गेली. दुसरी मुलगीही हळूहळू हातची निसटते आहे, हे ओळखून असलेले आईवडील वॉशिंग्टनच्या राजकारणात वावरत होते. १९२२ च्या उन्हाळ्यात एलिझाबेथचे वजन २० किलोंवर आले. उंची पाच फूट, वय १५ ला पोचणारे.

टोरांटोत इन्सुलिन कसे सापडले ती गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. ३० ऑक्टोबर १९२० च्या रात्री कॅनडातल्या लंडन गावचा एक तरुण शल्यवैद्य, फ्रेडरिक बँटिंग, स्वादुपिंडाविषयीचा लेख वाचून झोपला आणि मध्यरात्रीनंतर उठून त्याने एक कल्पना टिपून ठेवली. स्वादुपिंडाच्या नळ्या बांधून पाचकरस तयार करणारा भाग सुकवायचा आणि उरलेल्या बेटांसारख्या पुंजक्यांतला स्राव वेगळा काढायचा. टोरांटो विद्यापीठातले प्राध्यापक जे. जे. आर. मॅक्लिऑड यांनी त्याला जागा, कुत्रे आणि चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी मदतीला दिला. मे १९२१ मध्ये काम सुरू झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रुमानियाचे निकोलाय पाउलेस्कू यांनीही अशाच अर्काचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. त्यांना मिळायला हवा तो मान मिळाला नाही. वर्षअखेरीला जेम्स कॉलिप हे जीवरसायनतज्ज्ञ टोरांटोच्या गटात आले. अर्क शुद्ध कसा करायचा, हा खरा अवघड प्रश्न होता आणि तो कॉलिप यांनी सोडवला. मूळ कल्पना सांगताना हे नाव मागे पडते, ते पडू नये.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो जनरल हॉस्पिटलमध्ये लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले. त्याचे वजन ३० किलोंहून कमी. तोही ॲलन यांच्या पद्धतीच्या उपासावर तग धरून होता. अर्क अशुद्ध निघाला. साखर थोडी उतरली, टोचल्या जागी गळू झाले आणि उपचार थांबवावे लागले. १२ दिवसांनी, २३ जानेवारीला, कॉलिप यांचा अर्क दिला. रक्तातली साखर एका दिवसात ५२० वरून १२० वर आली, लघवीतले आम्लाचे अंश नाहीसे झाले. उपासाची मर्यादा संपलेल्या मुलाला यापुढे जेवू घालता येणार होते.

३ मे रोजी वॉशिंग्टनला अमेरिकन वैद्यांच्या सभेत मॅक्लिऑड यांनी हे निष्कर्ष वाचले, तेव्हा सभागृह उभे राहिले. त्या वेळी टोरांटोत औषध मात्र जवळजवळ नव्हतेच. मोठ्या प्रमाणावर अर्क काढायला गेल्यावर कॉलिप यांना जमलेली कृती पुन्हा जमेना आणि वसंतातले कित्येक आठवडे तसेच गेले. इंडियानापोलिसच्या एली लिली कंपनीशी करार झाला आणि कत्तलखान्यांतून बैलांची व डुकरांची स्वादुपिंडे टनांनी येऊ लागली, तेव्हा कुठे पुरवठ्याची चिन्हे दिसली. त्या उन्हाळ्यात बँटिंग यांच्या दारी पत्रांचा ढीग पडला होता. कुणाला द्यायचे आणि कुणाला नाही, हे ३० वर्षांच्या, अनुभवाने कच्च्या डॉक्टरला ठरवावे लागत होते. एलिझाबेथच्या आईने जुलैत पत्र लिहिले. पहिल्यांदा नकार आला, ऑगस्टमध्ये होकार आला. परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी नसती तर तिचा क्रमांक लागला असता का? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो रास्त आहे. त्याच उन्हाळ्यात नाव नसलेली किती मुले वाट पाहता पाहता गेली, याची यादी कुणी ठेवलेली नाही.

ऑगस्टच्या मध्याला एलिझाबेथ टोरांटोत पोचली. बँटिंग यांनी इंजेक्शन सुरू केले आणि तिचे खाणे ताबडतोब वाढवले. काही आठवड्यांत ती दिवसाला दोन हजारांहून अधिक कॅलरी घेऊ लागली. आईला लिहिलेल्या पत्रांत ती काय काय खाल्ले ते सांगत राहते. पाव, बटाटे, मॅकरोनी, साय. साडेतीन वर्षांत न चाखलेला पाव खायला मिळाल्याचा तिचा आनंद पत्रांत मावत नाही. इंजेक्शने मुळीच सोपी नव्हती. अर्क अशुद्ध, मात्रा मोठी, सुया जाड; टोचलेली जागा सुजून यायची. औषध जास्त पडले की साखर एकदम उतरे, घाम फुटे, हातपाय थरथरत. मग गोड गोळी तोंडात टाकायची. पूर्वी जी साखर विष होती, तीच आता खिशात बाळगायची होती.

जुलैत टेडी रायडर नावाचे सहा वर्षांचेही न झालेले मूल आले होते. वजन अवघे १२ किलो. वर्षभराने त्याने बँटिंग यांना पत्र लिहून कळवले, की मी आता जाडजूड झालो आहे आणि झाडावर चढतो. बॉस्टनमध्ये ७ ऑगस्टला जॉस्लिन यांनी एलिझाबेथ मज या परिचारिकेला पहिले इंजेक्शन दिले. सुमारे ३२ किलो वजनाच्या या बाईंना नऊ महिन्यांत एकदाच घराबाहेर पडता आले होते. दीड महिन्यात त्या रोज मैलोन्‌मैल चालू लागल्या.

ॲलन यांनी १९२१ मध्ये न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनला स्वतःची मोठी संस्था उघडली होती. इन्सुलिनची बातमी तिथे पोचली तेव्हा खाटेवर खिळलेली माणसे भिंतींचा आधार घेत मार्गिकांत हिंडायला लागली, असे तिथल्या एका परिचारिकेने पुढे लिहिले आहे. ॲलन टोरांटोहून परतले त्या रात्री सगळे रुग्ण दिवाणखान्याच्या दाराशी जमले. कुणी काही बोलत नव्हते. आपल्याजवळ तुमच्यासाठी काहीतरी आहे असे वाटते, इतकेच ॲलन यांनी कसेबसे सांगितले. आपल्या आयुष्यभराच्या कामाला बाजूला सारणारे औषध हाती घेताना त्यांनी क्षणभरही आडकाठी केली नाही. त्या हिवाळ्यात इन्सुलिनचा सर्वाधिक अनुभव असलेल्या डॉक्टरांत ते होते. रुग्णाला नेमके किती अन्न झेपते, हे त्यांना आधीच ठाऊक होते, आणि मात्रा ठरवायला तेच ज्ञान लागत होते.

१९२३ चे नोबेल बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना मिळाले. पैशांतला वाटा बँटिंग यांनी बेस्टला दिला आणि मॅक्लिऑड यांनी कॉलिपला. पेटंट बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले होते.

यानंतर पथ्य संपले का? लोकांना वाटले तसे. सुई आली, आता खा काय हवे ते. जॉस्लिन यांनी मात्र बजावून सांगितले, की आहार, इन्सुलिन आणि व्यायाम हे तीन घोडे आहेत आणि ते एकत्र हाकायला शिकले पाहिजे. मुलांना इतर मुलांसारखे मोकळेपणी खाऊ द्यावे, असे म्हणणारे डॉक्टरही होते. १९३० नंतर वेगळेच संकट पुढे आले. उपासातून वाचून दहा-पंधरा वर्षे जगलेल्यांचे डोळे आणि मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. साखर काटेकोर सांभाळली तर हे टळते का, यावर साठ वर्षे वाद चालला. १९९३ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या १,४४१ रुग्णांच्या पाहणीने तो मिटवला. काटेकोर उपचार घेणाऱ्यांत डोळ्यांचा विकार जडण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी होता. जॉस्लिन बरोबर होते. ते १९६२ मध्येच वारले होते.

दोन रोगांचा गुंता सोडवायला १९३६ उजाडले. लंडनच्या हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनी इन्सुलिनला दाद देणारे आणि न देणारे असे दोन प्रकार प्रयोगाने वेगळे केले. १९७० च्या दशकात कळले, की मुलांच्या मधुमेहात शरीर स्वतःच्याच पेशींवर हल्ला करून इन्सुलिन बनवणारा कारखाना बंद पाडते. अशा मुलाला उपास घडवून तो कारखाना पुन्हा सुरू होत नाही. दुसऱ्या प्रकारच्या, मोठेपणी येणाऱ्या मधुमेहात मात्र बुशार्दा आणि ॲलन यांचे म्हणणे पुष्कळ अंशी खरे निघाले. त्यासाठी १९५० च्या दशकात गोळ्या आल्या, मेटफॉर्मिन त्यांतलीच. आणि २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये रॉय टेलर व माइक लीन यांनी रोग होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींवर ठेवले, गोळ्या बंद केल्या. वर्षअखेरीला त्यांतल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय आटोक्यात होती. ॲलन यांच्या आहारपत्रकाच्या इतक्या जवळचा हा कॅलरींचा आकडा पाहिला की वाटते, त्यांनी बरोबर औषध शोधले होते. त्यांच्यापुढे आणलेली पुष्कळ मुले मात्र दुसऱ्याच रोगाची होती.

आपल्याकडे पथ्याने मधुमेह उतरवण्याची चळवळ गेल्या काही वर्षांत गावोगाव पोचली, आणि पोट सुटलेल्या, बैठ्या कामाच्या माणसांना तिचा फायदाही होतो. माझी कळकळ एवढीच आहे, की ते पथ्य लहान मुलाच्या इन्सुलिनच्या जागी कुणी ठेवू नये. कुणीतरी काढा सांगतो, कुणी उपास सांगतो, कुणी सुईची सवय लागते म्हणतो आणि मुलाची सुई दोन दिवस बंद होते. त्या दोन दिवसांत मूल खोल श्वास घेत अतिदक्षता विभागात येते, कधी येतही नाही. उपासाने मुले किती दिवस जगतात, याचा प्रयोग जगातल्या सर्वांत काटेकोर डॉक्टरांनी आठ वर्षे करून पाहिला आहे. त्याचा निकाल लिहून ठेवलेला आहे.

ॲलन यांची संस्था १९३० च्या दशकात कर्जापायी बंद पडली. रक्तदाबासाठी मीठ कमी करण्याचा आग्रहही त्यांनी धरला होता. १९६४ मध्ये ते गेले. लेनर्ड थॉम्प्सन १९३५ मध्ये न्यूमोनियाने गेला. इन्सुलिनवर त्याने १३ वर्षे काढली. टेडी रायडर १९९३ पर्यंत जगला. एलिझाबेथ बर्नार्ड कॉलेजातून १९२९ मध्ये पदवीधर झाली, वकील विल्यम गॉसेट यांच्याशी तिचे लग्न झाले, तीन मुले झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या इतिहासासाठी काम करणारी संस्था तिने उभी केली. आजाराविषयी ती जवळपास कुणाशी बोलत नसे. वडिलांच्या कागदपत्रांतूनही तिने त्याचे उल्लेख काढून टाकले. १९८० मध्ये इतिहासकार मायकल ब्लिस यांनी तिला शोधून काढले, तेव्हा ती बोलली. पुढच्याच वर्षी, ७३ व्या वर्षी, ती वारली. तोवर तिने ४२,००० हून अधिक इंजेक्शने घेतली होती. टोरांटोहून आईला लिहिलेली तिची पत्रे तिथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवली आहेत, आणि आहार व इन्सुलिन यांचा हिशेब एका मुलीने दिवसागणिक कसा शिकून घेतला, ते त्यांत वाचायला मिळते.